शंभर रुपये तासाच्या स्टुडिओशी स्पर्धा करा म्हणे!

काळी_माती
काल इथं एक पोस्ट फिरली: "तालुक्याच्या सांस्कृतिक भवनात अनुदानातून स्टुडिओ झाला, तासाला शंभर रुपये. खासगीवाल्यांनी रडगाणं थांबवावं, स्पर्धा करावी नाहीतर दुकानाला कुलूप लावावं." खाली टाळ्यांचा पाऊस. तर आधी हिशेब करू.

पाच मिनिटांचं एक भीमगीत घ्या. की-बोर्डवर ऱ्हिदम आणि कॉर्ड बसवायला दोन तास, बेंजो नि ढोलकीला दीड, मुख्य आवाजाला दीड, कोरसला एक. झाले सहा. मग गायक घरी जातो आणि खरं काम सुरू होतं: टेक जोडायचे, बेसूर जागा सरळ करायच्या, खुर्चीची करकर काढायची, मिक्सिंग करायचं. आणखी सहा-सात तास. शंभर रुपये तासानं मिळतात ते पहिले सहा. कच्चे ट्रॅक पेन ड्राइव्हवर हातात देतात आणि "मिक्सिंग बाहेरून करून घ्या" सांगतात. बाहेरून म्हणजे कुठून? ज्याला कुलूप लावायला सांगताय त्याच्याकडून.

आणि गावाकडचा स्टुडिओ गाण्यावर जगतच नाही. जगतो ऑटोवर फिरणाऱ्या जाहिरातीवर. मंडईतलं (दिवाळीनंतरच्या गावजत्रेतलं) नाटक, शंकरपट (बैलांची शर्यत), ग्रामपंचायतीचा उमेदवार, कोचिंग क्लास. अर्ध्या तासात आवाज, खाली म्युझिक, एक एमपीथ्री, गिऱ्हाईक मोकळं. दंडार (झाडीतलं लोकनाट्य) जतन करा, गोंडी गाणी रेकॉर्ड करा, त्याला कोण नाही म्हणतं? पण सरकारी खोलीत "या या, मतदारबंधूंनो" कशाला?

झाडीतला_एक
काय बोलून राहिले भाऊ! अनुदानाचा एवढा राग असेल तर पीएमईजीपीची (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची) फाइल काढा आधी. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला प्रकल्पाच्या २५ टक्के, विशेष गटाला ३५ टक्के मार्जिन मनी, म्हणजे अनुदानच. सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. या योजनेत बसलेले खासगी स्टुडिओ कमी नाहीत. तुम्ही घेतलं ते प्रोत्साहन, भवनानं घेतलं ती खैरात?

दुसरं, खासगीवाल्याकडं प्रोजेक्ट फाइल (गाण्याचे सगळे सुटे ट्रॅक) मागून पाहा. "हार्ड डिस्क करप्ट झाली जी." गाणं मात्र त्याच्याच चॅनेलवर चढलेलं, खाली त्याचाच मोबाईल नंबर. पैसे दिले मंडळानं, व्ह्यूज खाल्ले यानं.

काळी_माती
पीएमईजीपीवाल्याला बाकीचं कर्ज व्याजासकट फेडावं लागतं, मीटर व्यावसायिक दराचा असतो, खुर्ची मोडली तर स्वतः घ्यावी लागते. भवनाचं बिल कोण भरतं ते तुम्हीच सांगा. चॅनेलचा मुद्दा मात्र खरा आहे, नाकारत नाही. (आवडत नाही, हा भाग वेगळा.)

कलम_सतरा
दोघंही कागदाशिवाय भांडताय. प्रताधिकार कायदा १९५७ प्रमाणे ध्वनिमुद्रणाचा निर्माता तो, जो पुढाकार आणि जबाबदारी घेतो. माइक कोणाचा, याच्याशी त्याचा संबंध नाही. मंडळानं स्वतः ठरवून, पैसे मोजून गाणं केलं तर खासगीवाल्यानं ते आपलं म्हणणं तिथंच लंगडं पडतं. पण सरकारच्या सांगण्यावरून किंवा नियंत्रणाखाली झालं तर ते 'शासकीय काम' होऊ शकतं, आणि उलट करार नसेल तर कलम १७ नं पहिला मालक शासन. नुसती खोली भाड्यानं घेतली तर तसं होत नाही. "उपक्रमांतर्गत मोफत रेकॉर्डिंग" अशा फॉर्मवर सही केली तर खुशाल वाद होऊ शकतो. आणि हा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं चालतो. सही करण्याआधी दोन ओळी लिहून घ्या: मास्टर (मूळ रेकॉर्डिंग) कोणाचा, वापर कोणाचा. हे दोन्हीकडं लागू.

भजनी_ताई
तुमचे कायदे राहू द्या, मंडळाची अडचण ऐका. भवन अकरा ते पाच उघडं, रविवारी बंद. मंडळातले सगळे संध्याकाळी सातनंतर मोकळे. सोयाबीन काढणीत तर तेही नाही. शिवाय तिथं क्लिक (कानात एकसारखी टिकटिक) लावूनच गा म्हणतात. खंजिरीचं भजन क्लिकवर बसत नसतं, शेवटच्या कडव्यापर्यंत लय चढतेच, तीच तर मजा. मंडळाला गोल बसवून एकत्रच घ्यावं लागतं. खंजिरीला माइक दोन फुटांवर, चामड्याच्या समोर नाही तर कडेला, आणि जोरातली थाप मीटरवर उणे दहा डीबीच्या वर जाता कामा नये. झांजांचा झटका मीटरला नीट दिसत नाही, आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही.

वायरमन_वऱ्हाड
भवनातला स्टुडिओ शंभर काय, फुकट दिला तरी महाग. तिथं पन्नास हर्ट्झची घुं आहे. अर्थिंगच नाही धड. खासगीतही तेच म्हणा.

झाडीतला_एक
घुं सगळीकडंच असते. चार्जरची तिसरी पिन काढली की जाते. सोप्पं.

वायरमन_वऱ्हाड
कृपा करून हा सल्ला परत देऊ नका! पिन काढली की घुं जाते, कारण लूप (दोन अर्थिंगच्या वाटांचं वेटोळं) तुटतो. सोबत संरक्षणही जातं. उद्या त्या मशीनमध्ये फेज बॉडीला लागला तर तो गायकाच्या ओठातून माइकच्या जाळीला जाईल. गंमत नाही ही.

आधी ओळखा काय आहे ते. जाड "घुं" म्हणजे ५० हर्ट्झ, बहुतेक लूप किंवा अर्थिंग. बारीक "झर्र" म्हणजे १०० आणि त्यावरचं: एलईडी, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, नाहीतर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर. लॅपटॉप बॅटरीवर घ्या. घुं गेली तर लूप चार्जरमधून आहे. मग सगळी मशीन एकाच बोर्डावर आणा, की-बोर्ड डीआय बॉक्समधून (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवणाऱ्या डबीतून) घ्या आणि तिथला ग्राउंड लिफ्ट दाबा. सिग्नलचा ग्राउंड तोडायला हरकत नाही, विजेचा कधीच नाही. बेंजोच्या तारेला हात लावल्यावर घुं थांबते? मग शिल्डिंग आणि अर्थिंग दोन्ही बघा. मल्टिमीटर लावा: फेज-न्यूट्रल २३० आणि फेज-अर्थ शंभराच्या आसपास तरंगत असेल, तर तुमचं अर्थिंग फक्त भिंतीवरच्या भोकात आहे.

काळी_माती
आणि आपल्या काळ्या मातीचं काय? पावसाळ्यात सुरेख, एप्रिल-मेमध्ये जमीन हातभर फाटते.

वायरमन_वऱ्हाड
तेच तर! माती आकसते, अर्थिंगच्या पाइपाला सोडते, रोध वाढतो. जानेवारीत स्वच्छ वाटलेला स्टुडिओ जयंतीच्या गर्दीत, १४ एप्रिलच्या आधी, गुणगुणायला लागतो. खड्ड्यात अडीच मीटरचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, भोवती कोळसा-मीठ, वरून फनेल, आणि उन्हाळ्यात रोज दोन बादल्या पाणी. मीठ जास्त घातलं तर पाच-सात वर्षांत पाइप खातं. दुसरा खड्डा घेतला तर निदान पाइपाच्या लांबीइतकं अंतर ठेवा, आणि दोन्ही एकमेकांना जोडा. "स्टुडिओची वेगळी अर्थिंग" म्हणून सुटी ठेवायची नाही.

झाडीतला_एक
हे कापसाच्या पट्ट्याचं दुखणं. आमच्याकडं धानाची बांधी, ओल असते.

वायरमन_वऱ्हाड
मे महिन्यात पण? बांधीत पाहून या राजेहो, मग बोला.

भजनी_ताई
धागा स्टुडिओचा होता ना बाप्पा? का खड्ड्याचा?

घनचौरस
खड्डा बरा, खोली बघा. ठेकेदारानं दहा बाय दहा बाय दहा फूट काढली. तिन्ही बाजू सारख्या म्हणजे तिन्हींचा घुमारा एकाच ठिकाणी, ५६ हर्ट्झला. ढोलकीचा धुम तिथं भोपळ्यासारखा फुगतो. भिंतीला एक इंची फोम चिकटवला. तो वरचे सूर तेवढे खातो, म्हणून आवाज मेलेला आणि तरी घुमणारा. कोपऱ्यात चार इंच रॉकवूल, मागं तेवढीच हवा सोडून, असं पाहिजे होतं. सगळ्यात कमी दराच्या निविदेत २४ चॅनेलचा मिक्सिंग कन्सोल बसला, माइक स्टँड राहिले. खोलीत माणसं मावतात सहा. पण खासगीवाल्यांनी हसू नये. अंड्यांच्या ट्रेनं शेजारच्या चक्कीचा आवाज थांबत नसतो, आणि आगीला आमंत्रण ते वेगळंच.

झाडीतला_एक
बरं, ऐका. उमेदवाराची जाहिरात सरकारी खोलीत नको, एवढं मान्य. खुश? पण गरीब मंडळाला पहिलं गाणं शंभर रुपये तासानं रेकॉर्ड करता येतं, हे तुम्हीही माना. आणि प्रोजेक्ट फाइल देण्याची पाटी दारावर लागू द्या.

काळी_माती
मानलं, नाइलाजानं. पाटी अशी: सगळे ट्रॅक २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ वेव्ह फाइल, सगळे शून्य सेकंदापासून सुरू, म्हणजे कुठंही उघडले तरी जुळतील. पेन ड्राइव्ह गिऱ्हाइकाचा. तीन महिन्यांनंतर आमच्याकडं मागायचं नाही. चॅनेलवर चढवायचं असेल तर लेखी विचारून.

वायरमन_वऱ्हाड
पाटीखाली दोन बादल्या ठेवा.