गीतमंच, बँड, लेझीम, गॅदरिंग : शाळेतल्या गाण्या-बजावण्याचे अनुभव लिहा

निळीशाई
समोरच्या शाळेत गॅदरिंगच्या तालमी सुरू झाल्यात. दुपारी ओटा आवरताना स्वागतगीताची एकच ओळ कानावर येतेय. दर वेळी पोरं त्याच जागी सुराच्या वर चढतात, बाई थांबवतात, पेटीवर परत सा धरतात. मला एकदम आमचा गीतमंच, म्हणजे शाळेचा गाणाऱ्या पोरांचा गट, आठवला.

आमच्या बाईंच्या पेटीचा भाता फाटका होता. मध्येच फुस्स व्हायचा. आम्ही नेमका तिथे श्वास घ्यायचो, म्हणजे सगळ्यांचा श्वास एकदम! स्पर्धेला चांगली पेटी मिळाली तर आमची पंचाईत, कुठे थांबायचं कळेना.

भारत विकास परिषदेची समूहगान स्पर्धा असायची (१९६७पासून चालू आहे म्हणे). एक हिंदी, एक संस्कृत, शिवाय लोकगीत. संस्कृतचं गाणं बाई बसवायच्या आणि उच्चार संस्कृतचे सर घटवून घ्यायचे. "विसर्ग खाल्लात तर मधल्या सुट्टीत डबा खायचा नाही." पट्टी काळी चार, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी हा आमचा सा. आठवीत मुलांचे आवाज फुटायला लागले की त्यांच्या हातात खंजिरी नाहीतर टाळ यायचे आणि रवानगी मागच्या रांगेत. बिचारे. सहावीपर्यंत तेच पुढे उभे राहून मिरवायचे.

बाईंचं एक वाक्य मात्र अजून डोक्यात आहे. शेजारणीचा आवाज ऐकू येत नसेल तर तुझा मोठा लागतोय. भिशीतसुद्धा लागू पडतं हे.

तुमचेही लिहा. बँड, लेझीम, भजन, काहीही चालेल.

चहाटळ
"तू नुसते ओठ हलव" मंडळाचे सभासद कोण कोण? मी आजीव अध्यक्ष.

सुगरणबाय
मी खजिनदार. आमच्या बाईंनी तर आईला बोलावून सांगितलं, उंचीला बरोबर बसते म्हणून ठेवलीय हो रांगेत.

कृष्णाकाठ
आमच्याकडे गाणंबिणं नाही. लेझीम! हलगी, घुमकं (ढोलासारखं), कैताळ (झांजा) आणि दोनशे पोरं. २६ जानेवारीला पहाटे मैदानावर दव असायचं, हलगीचं कातडं सैल पडायचं, वाजवली की नुसतं भद्द. मग मैदानाच्या कोपऱ्यात रद्दीचा जाळ करायचा आणि हलगी शेकायची. जास्त जवळ धरली की कातडं तडकतं, म्हणून ते काम पीटीच्या सरांनी एकाच दादाला दिलेलं. तो दोन बोटांनी टिचकी मारून कान लावायचा, मान हलवायचा, परत शेकायचा. प्रमुख पाहुणे आले तरी त्याचं शेकणं चालूच. एका वर्षी रद्दीत चाचणीचे पेपर जळाले, त्यात माझा गणिताचा होता. देव पावला.

रेवाआई
@कृष्णाकाठ फुटले 😂 कणीक मळताना वाचतेय, फोन सगळा पिठाचा झाला.

मांडवीपार
गोव्यातून. आमच्या शाळेत घुमट आरतीचं पथक होतं. घुमट म्हणजे मातीचं भांडं, मोठ्या तोंडाला कातडं, धाकटं तोंड उघडं. उजव्या हाताने वाजवायचं आणि डाव्या तळव्याने ते उघडं तोंड झाकत-सोडत घुमार (घुमणारा आवाज) काढायचा. नवीन पोरांना ठोका येतो, घुमार येत नाही. सोबत शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य) आणि कासाळें (झांजा). पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर ते बंद, आता बकऱ्याचं. जुने लोक अजून म्हणतात, तो आवाज नाही. २०१९मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य जाहीर केलं तेव्हा आमच्या जुन्या पथकाचा व्हॉट्सॲप ग्रुप एका दिवसापुरता जागा झाला. नंतर परत गुड मॉर्निंग.

न्यूजर्सीकर
इथे मुलीने सहावीत शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट घेतलं. वाद्य महिन्याच्या भाड्याने. पहिले दोन महिने घरात बदक पाळल्यासारखं वाटत होतं. नवऱ्याने कौतुकाने फोनवरची पेटी काढली, म्हणाला तू सी वाजव, मी पण वाजवतो. दोघांचं काही केल्या जुळेना! तो म्हणतो तू बेसूर, ती म्हणते बाबा तू बेसूर.

काळीपाच
@न्यूजर्सीकर दोघंही बरोबर. साधं क्लॅरिनेट बी फ्लॅटचं असतं. त्यावर सी वाजवला की ऐकू येतो बी फ्लॅट, म्हणजे आपली पेटीवरची काळी पाच. त्यांना सांगा, पांढरी एक (पेटीवरचा सी) सोडून काळी पाचवर बोट ठेवा. बँडवाले सूरही बहुधा बी फ्लॅटलाच मिळवतात.

न्यूजर्सीकर
अय्या! सांगते. दोन महिन्यांचं भांडण मिटलं. (आयडी त्यावरूनच घेतलाय का?)

काळीपाच
हो 😄

खडूफळा
मी शाळेत शिकवते, संगीत नाही, पण संगीताला शिक्षकच नाही म्हणून गॅदरिंग माझ्याच गळ्यात. आता सगळं कॅराओके ट्रॅकवर. मोठ्या माणसाच्या पट्टीत ट्रॅक, वर पोरं किंचाळतात आणि खालच्या ओळी पुटपुटतात. पट्टी बदलायचं ॲप आहे, लावते. पण पोरगं कडव्याच्या आधी बावरलं तर पेटीवाले गुरुजी तीच ओळ आणखी एकदा वाजवून त्याला आत घ्यायचे. ट्रॅक निघून जातो. मागच्या वर्षी दुसऱ्या कडव्याला पोरं एका ओळीने मागे, ट्रॅक संपला तरी गातच होती. खरं सांगू, तेवढीच ओळ सुरात आली.

२०२३पासून राज्यगीतही आहे. राष्ट्रगीत ५२ सेकंदांत होतं, हे १ मिनिट ४१ सेकंद. मागच्या रांगा तोवर चुळबुळायला लागतात. तालावर पोरं खूश असतात पण.

चहाटळ
पेटीवरून आठवलं, आकाशवाणीने १९४०मध्ये पेटीवर बंदी घातली होती, १९७१पर्यंत. आमच्या गुरुजींची पेटी ऐकली असती तर अजून उठवली नसती.

निळीशाई
@खडूफळा अगदी. बाईंची नजर पेटीवर नसायचीच, आमच्या तोंडाकडे असायची.
बाय द वे, आईकडची पेटी पावसाळ्यानंतर अडकतेय, पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. कोणी दुरुस्त करतं का? सांगली-मिरज चालेल.

कृष्णाकाठ
मिरजेत सतारमेकर गल्लीत चौकशी करा. ते सतार-तंबोऱ्यावाले (२०२४ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं त्यांच्या वाद्यांना), पण पेटीवाला कोण ते सांगतील. तोवर पेटी उन्हात ठेवू नका, लाकूड वाकतं.

रेवाआई
विषय सोडून विचारते, सॉरी. पुण्यात नऊवारी भाड्याने कुठे मिळेल? शुक्रवारी लेकीचं कोळीगीत आहे, शाळेने आज सांगितलं.

सुगरणबाय
कोळीगीताला नेहमीची नऊवारी नको गं, कोळणीचं लुगडं वेगळं नेसतात. ड्रेपरीवाल्याकडे उद्या सकाळीच जा, डिसेंबरात शेवटी फक्त मावळ्यांचे ड्रेस उरतात.

रेवाआई
मावळा पण चालेल आता.