मदत हवी आहे : ई/एमचं उत्तर चौथा हिस्साच येतंय

विद्युल्लता११ : फाइन बीम ट्यूबवर (काचेच्या बल्बात इलेक्ट्रॉनचा झोत, म्हणजे बीम, दोन कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रात वर्तुळात फिरतो ती) ई/एम, म्हणजे इलेक्ट्रॉनचा विद्युतभार भागिले वस्तुमान, काढतेय. उत्तर ०.४४ × १०^११ येतंय, हवं १.७६. तीनदा केलं, तेच. वर्तुळही मिटत नाही, स्प्रिंगसारखं सरकतं. उद्या जर्नल द्यायचंय, लवकर सांगा.

तांब्याची तार : व्होल्टेज, करंट, वेढे, कॉइलची त्रिज्या? नुसत्या उत्तरावरून काय कळणार?

विद्युल्लता११ : २५० व्होल्ट, १.५ अँपिअर, १३० वेढे, १५ सेमी. वर्तुळ ९.१ सेमी.

उत्तरदक्षिण : पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र वजा केलंत का? ते कुणी करतच नाही.

तांब्याची तार : पृथ्वीचं साधारण ०.०४ मिलिटेस्ला, या कॉइलचं १.१७. वर्ग झाला तरी सातेक टक्क्यांचीच चूक. दोन्ही कॉइल पॅरलल जोडल्या असणार. ॲमीटर १.५ दाखवतो, पण एकेकीतून ०.७५च जातो. खरं क्षेत्र निम्मं, तुम्ही धरलेलं त्याच्या दुप्पट, आणि सूत्रात क्षेत्राच्या वर्गाने भागतात, म्हणून उत्तर चौथा हिस्सा. सिरीजमध्ये जोडा.

बंद कडी : थांबा. ९.१ ही त्रिज्या की व्यास? त्रिज्येचाही वर्गच आहे, व्यास घातला तरी चौथा हिस्साच येतो. बल्ब केवढा आहे?

विद्युल्लता११ : १६ सेमी. पट्टीवर डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत मोजलं.

बंद कडी : मग व्यासच. पॅरलल असत्या तर वर्तुळ १८ सेमीचं झालं असतं, १६च्या बल्बात मावतं कुठे? ४.५५ घाला, १.७७ येईल.

तांब्याची तार : बल्बचा मुद्दा मान्य. पॅरलल नाहीत.

उत्तरदक्षिण : लक्षात ठेवा, चुंबकीय बल वेगाला काटकोनात असतं, काम करत नाही. कॉइलचा करंट वाढवला तर वर्तुळ लहान होतं, वेग तोच राहतो. तोंडी परीक्षेत विचारतात.

विद्युल्लता११ : ते विचारलं नाहीये. स्प्रिंगचं काय?

बंद कडी : बीम क्षेत्राला काटकोनात नाही. वेगाचा जो घटक क्षेत्राला समांतर, त्यावर बलच लागत नाही. तो बीमला पुढे नेत राहतो. ट्यूब तिच्या धारकात थोडी थोडी फिरवा, बीमचं टोक परत गनच्या (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाच्या) पाठीशी येईपर्यंत. मग वाचन पुन्हा घ्या, तिरक्या वर्तुळाचं चालणार नाही.

विद्युल्लता११ : ४.५५ने १.७७ आलं. कडीही मिटली, पण फिकी दिसते. हीटरचं व्होल्टेज वाढवू?

तांब्याची तार : अजिबात नको, फिलामेंट जाईल. खोलीत अंधार करा, ग्रिडचं व्होल्टेज हलकेच फिरवून बीम बारीक करा.