टेक्सासच्या काळ्या मातीत एटीव्ही (चार चाकांची, मोटरसायकलसारखी चालवायची गाडी) चिखलासाठी तयार करायचीये, सल्ला हवा

ब्लॅकलँड_पाटील:
नमस्कार मंडळी. आम्ही ऑस्टिनला असतो, टेंपलच्या बाजूला थोडी जमीन घेतलीये. कुंपण बघायला आणि गवताचे गठ्ठे ओढायला म्हणून सेकंडहँड होंडा रँचर ४२० घेतली, मागची दोन्ही चाकं एकाच सलग दांड्यावर (एक्सलवर) असलेली. आता मुलाला आणि मला दोघांनाही पावसानंतर चिखलात फिरवायची गोडी लागलीये. पण माती म्हणजे डिट्टो आपल्या परभणीकडची काळी रेगूर, तशीच फुगते, तशीच भेगाळते. टायर कंपनीचे २४ इंची आहेत, जरा पुढे गेलं की खाचा गच्च भरून पार गुळगुळीत होतात आणि चारही चाकं जागेवर फिरत बसतात. दुकानवाला म्हणतो २८ इंची टायर, लिफ्ट किट (गाडी उंच करायचं सामान), स्नॉर्कल (इंजिनाला हवा वरून घ्यायची नळी) सगळं एकदमच टाका. खरंच एवढं लागतं का? आधी खर्च कशावर करू?

श्रीव्हपोर्टकर:
पाटील, एकदम काही टाकू नका. २८ चे टायर ४२० च्या इंजिनाला जड जातात, चाक मोठं झालं की गिअरिंग उंच होतं, मग ज्या ताकदीसाठी खर्च केला तीच कमी होते, वर एक्सल आणि स्टिअरिंगवर ताण येतो तो वेगळाच. २५ किंवा २६ चे मड टायर घ्या. आणि एक लक्षात ठेवा, सगळे खाच किती खोल तेवढंच बघतात, पण चिकट मातीत टायरवरच्या दोन रबरी गुठळ्यांमधली जागा मोकळी हवी म्हणजे चाक फिरलं की चिखल आपोआप फेकला जातो. दाट गुठळ्यांचा टायर कितीही खोल असला तरी तुमच्याकडे भरूनच बसणार.
पण टायरच्याही आधी सीट काढून ब्रीदरच्या नळ्या (गिअरच्या पेट्यांना हवा येण्याजाण्याच्या) बघा. डिफरन्शियल (पुढच्या चाकांची गिअरची पेटी) आणि मागची गिअर केस चालून गरम झालेली असते, ती थंड पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि नळी बुजलेली किंवा निघालेली असेल तर सीलमधून नाहीतर नळीतूनच पाणी आत ओढलं जातं. होंडा नळ्या वर नेऊनच देते पण जुन्या गाडीत त्या चिरलेल्या असतात. ऑइलचे बोल्ट उघडून बघा, ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय, लगेच बदला. काम फुकटातलं आहे आणि गाडी यावरच टिकते.

चिखलवाट:
+१. माझी यामाहाची ग्रिझली ७०० आहे, तिच्यात इंजिनाची ताकद पुढे नेणारा बेल्ट आहे म्हणून मला इंजिनाची एक आणि बेल्टच्या घराच्या दोन अशा नळ्या वर घ्याव्या लागल्या, आणि खोल चिखलात लो रेंजच (हळू पण जास्त ताकदीचा गिअर) लावायची नाहीतर बेल्ट जळतो. तुमच्या रँचरला बेल्टच नाही, गिअर आहेत, ती डोकेदुखी वाचली. स्नॉर्कल लावायचं तर फक्त एअरबॉक्सला (हवेच्या फिल्टरच्या डब्याला) लागेल, पण फूटरेस्टच्या वर पाणी येईल अशा जागी जाणारच नसाल तर तेही नको. चुकून इंजिनात पाणी गेलंच तर स्टार्टर अजिबात मारू नका, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी स्पार्क प्लग काढा, एअरबॉक्स रिकामा करा.

ब्लॅकलँड_पाटील:
खूप आभार दोघांचे! रेडिएटर वर रॅकवर घेऊ का? आणि धुवायचं कसं? ही माती वाळली की विटेसारखी होते.

श्रीव्हपोर्टकर:
रेडिएटर सध्या जागेवरच राहू दे, टेम्परेचरचा दिवा वारंवार लागला तर मग बघा. धुणं मात्र त्याच दिवशी, माती ओली असतानाच. इंजिन आधी गार होऊ द्या. रेडिएटर साध्या पाइपने मागच्या बाजूने पुढे धुवा म्हणजे जाळीतली माती आली तशी बाहेर जाते, प्रेशर वॉशरने फिन वाकतात. बेअरिंग, सील, वायरचे कनेक्टर यांच्यावर जोराचा झोत नको. रिमच्या आतला चिखल हाताने काढा, तो राहिला की हँडल थरथरतं. आणि गठ्ठ्यांची सुतळी! ती एक्सलला गुंडाळत गुंडाळत सीलपर्यंत जाते आणि सील कापते, दर वेळी वाकून बघाच. शेवटी ग्रीस भरा.

माई_वेको:
दादा, हेल्मेट दोघांनाही, आणि रँचर एकट्याची गाडी आहे, मुलाला मागे बसवू नका. मागे वजन गेलं की चढावर पुढची चाकं उचलतात. सॅम ह्यूस्टन फॉरेस्टला जायचा विचार असेल तर आधी चौकशी करा, पाऊस झाला की तिकडच्या ट्रेल बंद ठेवतात. सरकारी जमिनीवर टेक्सासचं ओएचव्ही (रस्त्याबाहेर चालवायच्या गाड्यांचं) स्टिकरही लागतं.

ब्लॅकलँड_पाटील:
नाही माई, आपल्याच जमिनीत फिरवतोय. अडकलेली गाडी ओढून काढायला विंच (दोर गुंडाळणारी मोटर) घेणार आहे, सिंथेटिक रोपची. पण आमच्याकडे माळरान, झाडच नाही, बांधायची कशाला?

चिखलवाट:
कुंपणाच्या टी पोस्टला (लोखंडी खांबांना) अजिबात बांधू नका, ओल्या मातीत ते लोण्यातून निघाल्यासारखे उपटून येतात आणि ताणलेल्या रोपसकट अंगावर येतात. कोरड्या जागेवर पिकअप उभी करून तिला लावा. एकटेच असाल तर जमिनीत रोवायचा फाळवाला अँकर मिळतो, तो घ्या. रोपवर जाड जॅकेट टाका आणि सगळ्यांना बाजूला उभं करा, मग बटण दाबा.