मदत हवी आहे: मुलाला अचानक टॅकलच्या जागेवर खेळवणार, शनिवारी मॅच

डेटनकर: मुलगा कॉलेजमध्ये अमेरिकन फुटबॉल खेळतो, ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये, म्हणजे बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पाच जणांत. त्यांचा एक स्टार्टर (सुरुवातीपासून खेळणारा) लिगामेंट फाटून सीझनभर बाहेर गेला आणि कोचने ह्याला तिथे सरकवलं, ह्याच्या जागी नवीनच पोरगा. म्हणजे गेला एक आणि हलल्या दोन जागा! प्रॅक्टिसला माझा मुलगा सारखा बीट होतोय, समोरचा त्याला चुकवून जातो. काय सांगू त्याला? लवकर सांगा प्लीज.

गार्ड_६४: कुठून कुठे सरकवलं? क्वार्टरबॅक कुठल्या हाताचा? तेवढं तरी लिहा.

डेटनकर: लेफ्ट गार्डचा लेफ्ट टॅकल, म्हणजे मधल्या सेंटरच्या शेजारून लाइनच्या डाव्या टोकाला. क्यूबी (क्वार्टरबॅक) उजव्या हाताचाच.

बकायकाका: म्हणजे ब्लाइंड साइड (फेकताना क्यूबीची पाठ असते ती बाजू) आली की त्याच्याकडे. घाबरू नका हो, आमच्या ओहायो स्टेट कॉलेज टीमचं 2024 बघा, ओरेगनच्या मॅचला लेफ्ट टॅकल जॉश सिमन्स जखमी होऊन बाहेर गेला, मॅच 32-31 ने गेली, मग डोनोव्हन जॅक्सनला गार्डवरून असंच लेफ्ट टॅकलला नेलं, पुढे सेंटर सेथ मॅक्लॉफलिनचाही टाचेमागचा अकिलीस टेंडन फाटला, तरी नॅशनल चॅम्पियन!

अ‍ॅनआर्बरची_मीरा: मधे आमच्या मिशिगनने तुमच्याच मैदानावर 13-10 ने हरवलं ते गाळलंत काका. आमचा गार्ड झॅक झिंटर 2023 ला तुमच्याच मॅचमध्ये पाय मोडून गेला, पुढच्याच प्लेला आमच्या कोरमने 22 यार्डांचा टचडाउन मारला. झिंटरच्या जागी बार्नहार्ट टॅकलवरून गार्डला आला, आम्हीही चॅम्पियन.

बकायकाका: टॅकलवरून आत गार्डला येणं सोपं गं, गार्डवरून बाहेर टॅकलला जाणं अवघड. विषय तो आहे.

हेल्दी_हर्षद: मुलगा व्हेज आहे का? पनीर, सोया वाढवा, एवढं वजन टिकवायचं तर झोपायच्या आधी पण खायला द्या.

गार्ड_६४: खाण्याचं कोणी विचारलंय? मी दोन्ही जागा खेळलोय. गार्डला दोन्ही बाजूंनी आपला माणूस असतो, टॅकलला बाहेर मोकळं रान, त्यामुळे गार्डच्या सवयीने पोरगा पुढे झेप घेतो आणि एज रशर (टोकावरून क्यूबीवर धावून येणारा) बाजूने निघून जातो. त्याला म्हणावं मागे सरक, हात आधी फेकू नकोस, कंबर लवकर बाहेर वळवलीस तर तो आतून घुसेल. सुरुवातीला टाइट एंड (टॅकलच्या बाहेर उभा राहून अडवायला मदत करणारा) त्याच्या बाजूला द्या म्हणून त्याने कोचला स्वतः विचारावं, त्यात लाज कसली. आणि नवीन गार्डबरोबर जास्त रेप्स (सरावाच्या फेऱ्या), समोरचे दोघं स्टंट करून क्रॉस झाले की घोळ तिथेच होतो.

डेटनकर: हो, तिथेच होतोय! पण ते सेंटर ओरडून सांगत नाही का?

गार्ड_६४: कोणी कोणाला अडवायचं हा प्रोटेक्शन कॉल सेंटरचा, स्नॅपच्या (बॉल मागे देण्याच्या) आधी. नंतर कोण कोणाला सोडतो ते ह्या दोघांनीच बघायचं. आणि हो, मॅच घरची की बाहेरची ते अजून लिहिलं नाहीत, बाहेर असेल तर आवाजात काही ऐकू येणार नाही, सायलेंट काउंटवर (आवाजाऐवजी खुणेने स्नॅप) पण रेप्स घ्यायला सांगा.