शाडूत दुःखी चेहरा करताना तो रागीट का दिसतो?

नागपूरच्या चितारओळीतून (मूर्तिकारांच्या वस्तीतून) आणलेल्या शाडूत फूटभर उंचीचं शोकमग्न बाईचं डोकं करतोय. भुवया खाली ओढल्या की ती चिडल्यासारखी दिसते, अश्रू लावले की नाटकी. वरून मानेला तडे. काय चुकतंय?

↳ भाऊ, भुवई अख्खी खाली नको. नाकाकडचं टोक तेवढं वर आणि आत सरकवा, बाहेरचं उतरतं ठेवा. कपाळावर वळ्या मधोमधच पडतात, कडेपर्यंत नेऊ नका. ओठांचे कोपरे दोन-तीन मिलिमीटरच खाली. जास्त ओढले की बाई रुसलेली वाटते. अश्रू काढूनच टाका.

↳ चेहऱ्यावरच सगळा भार कशाला? मायकेलअँजेलोच्या 'पिएता' शिल्पात मृत ख्रिस्ताला मांडीवर घेतलेल्या त्याच्या आईचा, मेरीचा, चेहरा शांत आहे. उजव्या हाताची बोटं मात्र कापडासकट ख्रिस्ताच्या काखेखाली रुतलीत, डावा तळवा रिकामा उघडा. जर्मन शिल्पकार केथे कोलविट्झच्या १९३२ च्या शोकमग्न आईबापांच्या शिल्पात गुडघ्यावर बसलेला बाप स्वतःलाच घट्ट आवळून आहे. खांदे आणि एक हात घ्याच.

↳ तड्यांचं: डोकं भरीव असेल. बाहेरून सुकून आकसतं, आत ओलंच. आतून कोरून दोन सेंटिमीटर जाडी ठेवा, मानेला ओलं फडकं, वरून सैल प्लास्टिक. आणि कूलरच्या झोतात अजिबात नको, नागपूरच्या मे महिन्यात तर नाहीच.