जगबुडीच्या गोष्टी वाचून पोरगं गाठी मारायला शिकलं, यात वाईट काय?

गावभाग, सांगली

माझा मुलगा नववीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्यानं जग बुडाल्यावर उरलेल्या चार माणसांची एक कादंबरी वाचली, मग तसल्याच आणखी तिनांचा फडशा पाडला. आता दप्तराशेजारी दुसरी पिशवी लटकते. तिच्यात शिट्टी, बॅटरी, क्लोरीनच्या गोळ्या, रेशनकार्डाची प्लास्टिकमध्ये घातलेली झेरॉक्स आणि वीस हात दोरी. रोज संध्याकाळी खिडकीच्या गजाला गाठी मारत बसतो. एक गाठ अशी की कितीही ओढा, फास आवळत नाही. बुडणाऱ्याच्या काखेखालून हीच टाकायची म्हणतो.

मेहुणे म्हणाले, पोराला खूळ लागलंय, दहावी तोंडावर आलीय. मला ते पटत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. आम्ही माळ्यावर दोन रात्री काढल्या. चहूकडं पाणी आणि प्यायला एक कळशी. घरात एकच बॅटरी, तिचेही सेल उतरलेले. जुलै २०२१ ला पुन्हा पाणी आलं, तेव्हाही मी मेणबत्त्या शेजारून मागून आणल्या. दोन महापूर बघून मला जी पिशवी भरावीशी वाटली नाही, ती या पोरानं चार पुस्तकं वाचून भरली. म्हणून माझं म्हणणं, असल्या गोष्टी पोरांना वाचू द्याव्यात. तुम्हाला काय वाटतं?

पलूसकडची

दादा, पोराचं कौतुकच आहे. माझं भांडण त्या गोष्टींशी आहे. त्यांत शेजारी म्हणजे पहिला धोका. दार लावा, धान्य लपवा, अनोळखी दिसला की हत्यार काढा. असलं वाचून पोरगं पिशवी भरतं, पण एकट्यापुरती भरतं. त्याच्या पिशवीत आजीची बीपीची गोळी आहे का, ते बघा.

८ ऑगस्ट २०१९ ला आमच्या भागात ब्रह्मनाळला बोट उलटली. झेपतील त्याहून जास्त माणसं चढली होती. तिथं एकट्यानं तगून राहायची विद्या काय कामाची? आधी कोण चढणार आणि मागं कोण थांबणार, हे ठरवणारं माणूस लागतं, आणि त्याचं ऐकणारी माणसं लागतात. आमच्या वस्तीतले म्हातारे बाहेर काढले ते काहिलीतून, म्हणजे गुऱ्हाळात गूळ शिजवायच्या मोठ्या पसरट कढईतून. काहील पाण्यात गरागरा फिरते. बसणाऱ्यानं तळात मधोमध बसायचं, कितीही भ्या वाटलं तरी उठायचं नाही. दोघांनी बाहेरून कड धरून, पोहत, ढकलत न्यायची. हे करणाऱ्यांनी आयुष्यात एक कादंबरी वाचलेली नाही.

यवतेश्वर, सातारा

ताई, काहिलीचं सोळा आणे पटलं. पण ती माणसं नदीत वाढलेली. फ्लॅटमध्ये वाढलेल्या पोराला ओढ लागायची कुठून? मला लागली ती शाळेच्या लायब्ररीतल्या रॉबिन्सन क्रूसोमुळं. पुस्तक १७१९ सालचं. फुटलेल्या जहाजावर तो पुन्हा पुन्हा जातो आणि हत्यारं, धान्य, दोर, शिडाचं कापड किनाऱ्यावर आणतो, ती पानं मला पाठ होती. पुढं वासोटा किल्ल्यावर जायला लागलो, तेव्हा सॅकमध्ये काय घ्यायचं याची पहिली यादी तिथूनच निघाली.

आणि हे एकट्या माझंच नाही. अमेरिकेत सीडीसी म्हणून रोगनियंत्रणाची सरकारी संस्था आहे. तिनं मे २०११ मध्ये लोकांना विचारलं, झॉम्बी आले तर काय कराल? खाली दिलेली यादी मात्र वादळ-भूकंपात लागणारीच: माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरभर पाणी, औषधं, कागदपत्रं, ताटातूट झाली तर घरच्यांनी भेटायची जागा. वाचायला एवढी झुंबड उडाली की वेबसाइट बसली. आपल्याकडची पुराची सूचना कोण एवढ्या आवडीनं वाचतं? २०२१ ला एक अभ्यासही छापून आला. झॉम्बी, परग्रहवासी, जगाचा अंत असले सिनेमे आवडणारे लोक कोरोनाच्या सुरुवातीला जास्त तयारीत होते, असं त्यात दिसलं.

पलूसकडची

सिनेमे बघून तयारी झाली, की मुळात तयारीच्या स्वभावाचेच लोक असले सिनेमे बघतात? दोन्हींचा आकडा सारखाच येईल.

नर्स, शिराळा तालुका

मला वेगळंच सांगायचंय. मागं एका पावसाळ्यात कॉलेजचा मुलगा आला, पायाला घोणस चावलेली. मित्रानं ब्लेडनं कापून तोंडानं रक्त ओढलेलं, वर सुतळी करकचून बांधलेली. कुठं शिकलास म्हटलं, तर म्हणाला पिक्चरमध्ये. घोणशीच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं. दातांच्या दोन खुणा बारीक होत्या, ब्लेडची चीर मात्र थांबायचं नाव घेईना. कापसाचे बोळे लाल होत होते आणि मी दाबून धरून बसले होते. सुतळीखालचा पाय निळा पडलेला. मुलगा वाचला, पण ती चीर भरायला फार दिवस गेले.

साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळायचं नाही. पाय हलू द्यायचा नाही आणि प्रतिविष जिथं मिळतं तो दवाखाना गाठायचा. तुरटीचंही तसंच. पाण्यातला गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. पाणी उकळा नाहीतर क्लोरीन टाका. पोरं गोष्टीतून जे उचलतात ते कुणीतरी जाणत्यानं तपासायला हवं.

करंजे, सातारा

अमेरिकेत २०१२ ला 'द हंगर गेम्स' हा धनुष्यबाणाच्या जोरावर तगून राहणाऱ्या मुलीचा सिनेमा आला आणि तिथल्या मुली धनुष्यबाण शिकायला धावल्या. आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ ला बर्लिनमध्ये १७ व्या वर्षी जगज्जेती झाली, ती वर्षानुवर्षं रोज बाण सोडून. ओढ लागायला दोन तास पुरतात. हाताला वळण लागायला मैदान लागतं, शिकवणारा लागतो. गजाला गाठ मारणं आणि भिजलेल्या दोरीला काळोखात गाठ मारणं, यात फार अंतर आहे.

पाटण

आमची आजी ११ डिसेंबर १९६७ ची पहाट सांगायची. कोयनेचा भूकंप. कुठली भिंत कुणीकडं पडली, दार चौकटीत कसं अडकलं, अनवाणी पळताना कौलांच्या तुकड्यांनी पाय कसे फाटले. आमच्या घरात आजही दाराच्या वाटेत खाट टाकत नाहीत आणि प्रत्येकाच्या उशाशी बॅटरी आणि चपला असतात. यातल्या एकानंही तो भूकंप बघितलेला नाही. गोष्टीनंच घडवलंय हे. पण ती आमच्याच घराची गोष्ट होती, म्हणून चपला कुठं ठेवायच्या ते आम्हाला कळलं. परक्या मुलखातल्या गोष्टीत आपलं दार नसतं.

गावभाग, सांगली

सगळं पोराला वाचून दाखवलं. पलूसच्या ताई, बीपीची गोळी नव्हती पिशवीत. आजीच्या चिठ्ठीवरून त्यानं गोळ्यांची नावं वहीत उतरवली, आठवड्याच्या गोळ्या डबीत भरल्या आणि झाकणावर तारीख लिहिली. शिराळ्याच्या ताई, ब्लेड होतं, सापासाठीच ठेवलेलं. काढलं. पाटणचं वाचून तो आजीजवळ जाऊन बसला आणि २००५ च्या पुरात तुम्ही आधी काय उचललं, असं विचारत होता. मी इतक्या वर्षांत आईला हे कधी विचारलं नाही.

पुस्तकं मात्र बंद करणार नाही. आजीला विचारायची बुद्धी त्याला त्यातूनच आली. एक गोष्ट कबूल करतो, नदीपासून हाकेच्या अंतरावर राहून त्याला पोहता येत नाही. काहील कशी ढकलतात, हे त्याला बघायचंय.

पलूसकडची

त्या गोष्टींबद्दल माझं मत आहे तेच आहे. पण पोहता येत नसेल तर दोरी आधी बाजूला ठेवा. चैत्रात पाणी उतरलं की घेऊन या त्याला. आमचे चुलते पाठीला पांगाऱ्याचा बिंडा, म्हणजे तरंगणाऱ्या हलक्या लाकडाचा ओंडका, बांधून शिकवतात. आधी बिंड्यावर, मग बिंड्याशिवाय. हंगाम संपला की गुऱ्हाळातली काहील रिकामीच असते, तीही उतरवू पाण्यात. येताना तुम्हीही जादा कपडे आणा, तळात मधोमध बसायला कुणीतरी लागेलच.