परदेशातल्या साहेबाला लाच दिली, तर इथे गुन्हा का नाही?

मांडवीकाठ

जुलै २०१५ मध्ये लुई बर्जर या अमेरिकी सल्लागार कंपनीने न्यू जर्सीच्या कोर्टात कबुली दिली. भारत, इंडोनेशिया, व्हिएतनाम आणि कुवेतमध्ये सरकारी कामं मिळवायला तिने ३९ लाख डॉलरची लाच वाटली होती. आमच्या गोव्यातल्या पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण प्रकल्पासाठी तिने आणि तिच्या भागीदारांनी मिळून जवळपास पावणेदहा लाख डॉलर दिले. प्रकल्प जायका या जपानच्या सरकारी मदतसंस्थेच्या कर्जातून चालला होता. वहीत लाच म्हणून कोण लिहिणार? 'कमिटमेंट फी', 'काउंटरपार्ट पर डिएम' अशी नावं टाकली होती.

न्यू जर्सीहून बातमी आली तेव्हा गोव्याच्या क्राइम ब्रँचने गुन्हा नोंदवला. ऑगस्टमध्ये माजी बांधकाम मंत्र्यांना अटक झाली, माजी मुख्यमंत्र्यांनी अटकपूर्व जामीन मिळवला. दोघांनीही आरोप नाकारले. मला तेव्हापासून एकच गोष्ट सलते. आमच्या पणजीत पैसे वाटले गेले आणि ते आम्हाला अमेरिकेने सांगितलं.

लुई बर्जरला ज्याने पकडलं, तो परदेशी अधिकाऱ्याला लाच देणं गुन्हा ठरवणारा अमेरिकी कायदा १९७७ चा. वॉटरगेटनंतरच्या चौकशीत चारशेहून जास्त कंपन्यांनी संशयास्पद पैसे वाटल्याचं मान्य केलं, त्यातून तो आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी आदेश काढून त्याची अंमलबजावणी १८० दिवसांसाठी थांबवली. जूनमध्ये ती पुन्हा सुरू झाली, पण नव्या सूचनांसह: ड्रग टोळ्यांशी संबंध असलेली आणि अमेरिकी कंपन्यांचं नुकसान करणारी प्रकरणं आधी. म्हणजे तिथला पहारा सैल झाला.

आपल्याकडे परदेशी अधिकाऱ्यांना लाच देण्याविरुद्धचं विधेयक मार्च २०११ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं आणि २०१४ मध्ये लोकसभेबरोबर बारगळलं. त्यामुळे भारतीय कंपनीने परदेशी अधिकाऱ्याला लाच दिली, तर तेवढ्यासाठी तिला शिक्षा करणारा वेगळा कायदा आपल्याकडे आजही नाही. संयुक्त राष्ट्रांचा भ्रष्टाचारविरोधी करार आपण २०११ मध्येच मान्य केला, आणि त्यात असा कायदा करायचं बंधन आहे. माझं म्हणणं सरळ आहे: तो करा, आणि राबवा.

चाकणचा_लेथ

दादा, तळमळ कळते, पण मला हे पटत नाही. माझा बावीस कामगारांचा कारखाना आहे. पूर्व आफ्रिकेतल्या एका बंदरावर माझा कंटेनर अकरा दिवस अडकला होता. कागद सगळे बरोबर, बिल ऑफ लेडिंग बरोबर, ड्युटी भरलेली. तिथल्या कस्टमवाल्याला दोनशे डॉलर हवे होते. डेमरेजचं, म्हणजे माल बंदरात पडून राहिल्याच्या आकाराचं, मीटर रोज चालू, आणि गिऱ्हाईक फोनवर ऑर्डर रद्द करायची भाषा करत होतं. शेवटी तिथल्या क्लिअरिंग एजंटने 'सोडवतो' म्हटलं, माल सुटला, आणि बिलात 'इतर खर्च' म्हणून एक ओळ आली. मी ती भरली. त्या रात्री झोप लागली नाही, हेही सांगतो.

तुमचा कायदा आला तर आत कोण जाणार? मोठ्या कंपनीकडे वकिलांची फौज आहे, तिथे एजंटाचाही एजंट असतो. सापडेन मी.

मांडवीकाठ

तुम्ही ते मोकळेपणाने लिहिलंत, त्याबद्दल आभार. पण अडवून घेतलेले दोनशे डॉलर आणि टेंडर मिळवायला आपणहून दिलेले पावणेदहा लाख, कायद्याने हे एकाच तागडीत तोलायचं कारण नाही. आपल्याच भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीने लाच देणाराही गुन्हेगार ठरला, पण जबरदस्तीने द्यावी लागली आणि सात दिवसांत तक्रार केली तर सुटका आहे. तशीच तरतूद यातही घालता येईल. नेहमीचं काम हलवायला दिलेल्या किरकोळ पैशांना अमेरिकी कायद्यात सूट आहे. ब्रिटनच्या २०१० च्या कायद्यात ती नाही. यातलं काय घ्यायचं, ते आपण ठरवू.

सीताबर्डी_वकील

माझा विरोध वेगळ्या मुद्द्यावर आहे. लुई बर्जरने १ कोटी ७१ लाख डॉलर दंड भरला. कुणाला? अमेरिकेला. गोव्याच्या लोकांना त्यातलं काय मिळालं? जायकाचं कर्ज फेडायचं आपणच. २०१४ मध्ये अमेरिकेने फ्रान्सच्या अल्स्टॉम कंपनीला याच कायद्याखाली ७७ कोटी २० लाख डॉलर दंड लावला, आणि त्याच काळात अल्स्टॉमचा वीजधंदा अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडे गेला. त्या दंडाच्या दडपणाखाली धंदा विकावा लागला, असा संशय फ्रान्समध्ये उघड बोलला गेला. हा कायदा बलवानाच्या हातातली काठी आहे. आता ती त्यानेच बाजूला ठेवली, तर आपण उचलून आपल्याच निर्यातदारांच्या पाठीत का घालायची? चिनी कंपन्या थांबणार आहेत का?

वही_तपासनीस

वकीलसाहेब, अल्स्टॉमची गोष्ट अर्ध्यावर सोडू नका. फ्रान्सने २०१६ मध्ये स्वतःचा कडक कायदा केला. पुढे २०२० मध्ये विमानं बनवणारी एअरबस लाचेच्या प्रकरणात सापडली, तेव्हा तिने फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेला मिळून सुमारे ३६० कोटी युरो भरले. त्यातले दोनशे कोटींहून जास्त फ्रान्सच्या तिजोरीत गेले. स्वतःचा कायदा होता म्हणून दंड घरी आला. आपल्याकडे तो नसेल, तर आपल्या कंपनीला दुसरा देश पकडेल आणि पैसाही तोच नेईल.

आणि चिनी कंपन्यांचं कारण नवं नाही. जर्मनीत १९९९ पर्यंत परदेशात दिलेली लाच खर्च म्हणून दाखवून करात वजावट मिळायची, कारण तेच: बाकीचे देतात. २००८ मध्ये सीमेन्सला अमेरिका आणि जर्मनीत मिळून १६० कोटी डॉलर मोजावे लागले.

मी पुण्यात अंतर्गत लेखापरीक्षण करते. लाच पाकिटात क्वचितच सापडते. ती सवलतीत सापडते: गरजेपेक्षा जास्त सवलत दाखवायची आणि तो फरक लाचेसाठी बाजूला ठेवायचा. २०२२ मध्ये ओरॅकलला अमेरिकेच्या भांडवली बाजार नियामकाने दंड केला, त्यात भारतातलंही प्रकरण होतं. रेल्वे मंत्रालयाची बहुतांश मालकी असलेल्या एका कंपनीला माल विकताना स्पर्धा फार आहे असं सांगून ७० टक्के सवलत मंजूर करून घेतली. स्पर्धा नव्हतीच, कारण गिऱ्हाइकाने ओरॅकलचाच माल लागेल असं ठरवलेलं होतं. आणि विक्रीवाल्यांच्या एका तक्त्यात ६७ हजार डॉलर 'बफर' म्हणून ठेवले होते, एका अधिकाऱ्याला देता यावेत म्हणून. अशी सवलत समोर आली की मी एवढंच विचारते: दुसरा बोलीदार कोण होता, नाव सांगा. निम्म्या वेळा समोरचा गप्प होतो.

सीताबर्डी_वकील

एअरबसचा मुद्दा मान्य. पण कायदा करून राबवणार कोण? आपल्याकडे मंत्र्याची चौकशी करायलाच आधी परवानगी लागते. लुई बर्जरचे दोन माजी अधिकारी अमेरिकेत गुन्हा कबूल करून बसले, आणि आपण गोव्यात काय केलं? देणारा पकडून उपयोग नाही, घेणारा मोकळा राहत असेल तर.

मांडवीकाठ

म्हणून तर दोन्ही हवं आहे. अमेरिकेनेही डिसेंबर २०२३ मध्ये परदेशी अधिकाऱ्याने लाच मागणं हा गुन्हा ठरवला.

चाकणचा_लेथ

वहीताई, तुमच्या प्रश्नावर मी अडखळलो असतो. ती 'इतर खर्च'ची ओळ मी कुणाला दाखवली नव्हती. सात दिवसांत तक्रार करायची सोय द्या म्हणता, पण तक्रार कुठे? आपल्या वकिलातीत त्यासाठी एक माणूस, एक फोन नंबर द्या, आणि माझा कंटेनर तेवढे दिवस पडून राहिला तर डेमरेज कोण भरणार ते कायद्यात लिहा. एवढं असेल तर माझी सही पहिली.